लिफ्ट केलेली जिम्नी सरळ का चालत नाही: कॅस्टर, पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंकची दुरुस्ती

मारुती सुझुकी जिम्नीला ४० ते ५० मिमी लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंगचा संच) बसवलं की काही दिवसांतच ठरलेली तक्रार सुरू होते. हायवेवर ८० च्या पुढे गाडी तरंगल्यासारखी वाटते, सारखं डावी-उजवी सावरत बसावं लागतं. घाटात वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही. शेजारून ट्रक गेला की गाडी हलते. मालक अलाइनमेंटच्या दुकानात जातो, टो (वरून बघताना पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती वळलीत ते) सेट होतो, पैसे दिले जातात आणि गाडी होती तशीच चालते. मग दुसरं दुकान, मग टायरवर संशय, मग जास्त कडक स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक). तक्रार तरीही परत येते.

कारण सोपं आहे. जिम्नीचा पुढचा ॲक्सल एकसंध आहे. टाय रॉडची (दोन्ही चाकांना एकत्र वळवणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं दोन नकलना (चाक ज्यावर बसून वळतं त्या भागांना) जोडलेली आणि दोन्ही नकल त्याच ॲक्सलवर. स्प्रिंग उंच केली म्हणून या तिघांतलं अंतर बदलत नाही. म्हणजे लिफ्टमुळे टो बिघडतच नाही, आणि जे बिघडलं नाही ते कितीही वेळा सेट केलं तरी उपयोग शून्य. बिघडतात त्या तीन वेगळ्या गोष्टी: कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल), ॲक्सलची आडवी जागा (ती पॅनहार्ड रॉड धरतो) आणि स्टेअरिंगचं मधोमध असणं (ते ड्रॅग लिंकच्या लांबीवर ठरतं). त्या याच क्रमाने घडतात असं नाही, पण दुरुस्तीचा क्रम मात्र ठरलेला आहे आणि तो चुकला तर एकाच कामाला दोनदा हात लावावा लागतो.

आधी खात्री करा की दोष लिफ्टचाच आहे

टायरमधली हवा आणि व्हील बॅलन्सिंग पहिल्यांदा. मड टेरेन टायर खाचा असलेल्या काँक्रीटवर थोडे भटकतातच, त्यामुळे परीक्षा गुळगुळीत डांबरावर घ्या.

भटकणं आणि थरथरणं हे दोन वेगळे आजार आहेत. ६० ते ८० च्या दरम्यान खड्डा किंवा जोड लागला आणि स्टेअरिंग जोरात थरथरायला लागलं, वेग कमी करेपर्यंत थांबलंच नाही, तर तिथे कुठेतरी प्ले (जोडातली ढिलाई) आहे: पॅनहार्डचे बुश (जोडातल्या रबरी नळ्या), किंगपिनची (नकल ज्यावर वळते त्या खुंटाची) बेअरिंग, टाय रॉडचे बॉल जॉइंट, आर्मचे (ॲक्सल चासीला धरणाऱ्या दांड्यांचे) बुश. स्टेअरिंग डँपर ही थरथर झाकतो, बरी करत नाही. तपासताना डँपर काढून ठेवा.

किंगपिनसाठी पुढचं चाक उचला, वर-खाली म्हणजे बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. किंगपिनच्या बेअरिंगचा ताण शिम (पातळ चकत्या) घालून-काढून बसवायचा असतो. तो सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे स्प्रिंग बॅलन्स (ओढ मोजणारा काटा) लावून मोजा, हाताच्या अंदाजाने नको.

पॅनहार्डसाठी गाडी जमिनीवर, इंजिन चालू ठेवा. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे झपझप हलवायचं आणि दुसऱ्याने बाजूला बसून रॉडच्या दोन्ही टोकांकडे टॉर्च मारून पाहायचं. बोल्ट भोकात सरकताना दिसला, नुसती अर्धी रेघभर हालचाल दिसली, तरी तो जोड आधी दुरुस्त करायचा. बोल्ट घट्ट करून भागत नसेल तर ब्रॅकेटचं भोक लंबगोल झालेलं असतं. तिथे नवीन वॉशर वेल्ड करून भोक मूळ मापाला आणावं लागतं.

स्टेअरिंग परत न येण्याचंही कारण नेहमी कॅस्टर नसतं. पुढची दोन्ही चाकं उचला, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून नकलपर्यंतचा दांडा) नकलकडून सोडवा आणि चाकं हाताने एका लॉकपासून (वळणाच्या टोकापासून) दुसऱ्यापर्यंत फिरवा. जड किंवा अडखळत फिरली तर किंगपिन कोरडे किंवा जास्त आवळलेले आहेत. चाकं मोकळी फिरली पण स्टेअरिंग मधोमध जड लागलं, तर स्टेअरिंग बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू कुणीतरी 'प्ले काढायला' आवळून ठेवलाय. असा आवळलेला बॉक्स आतून झिजतो आणि गाडी कॅस्टर कमी असल्यासारखीच वागते. कॅस्टरचे बुश विकत घेण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

कॅस्टर नेमका कुठे जातो

नकल ज्या अक्षावर वळते तो अक्ष वरच्या टोकाला किंचित मागे कललेला असतो. सायकलच्या चिमट्याचा कल असतो म्हणून हात सोडूनही सायकल सरळ जाते, तेच इथे. हा कल कमी झाला की चाकाला आपणहून सरळ होण्याची ओढ राहत नाही.

जिम्नीत पुढच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी एकेक लांब आर्म आहे. आर्मचं मागचं टोक चासीला एका बुशवर टांगलेलं, पुढचं टोक ॲक्सलच्या ब्रॅकेटला दोन बुशनी घट्ट धरलेलं: एक ॲक्सलच्या पुढे, एक मागे. दोन जागी धरल्यामुळे आर्म जितक्या अंशात कलेल तितक्याच अंशात ॲक्सलही फिरतो. चासी वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं, ॲक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. त्याच वेळी डिफरेन्शियलचं नाक (प्रॉपेलर शाफ्ट जोडतो ते टोक) वर बघायला लागतं.

किती कमी होतो हे घरी काढता येतं. आर्मच्या चासीकडच्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या नळीच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. चासीचा तो बोल्ट जमिनीपासून जितका वर गेला, त्याला या अंतराने भागा आणि ५७.३ ने गुणा. उत्तर अंशात. अंतर ७०० मिमी धरलं आणि पुढून-मागून सारखी ५० मिमी लिफ्ट असेल तर ४.१ अंश गेले. किटच्या खोक्यावरचा आकडा इथे वापरू नका. स्टीलचा बंपर आणि विंच असेल तर स्प्रिंग दबते, स्टॉक स्प्रिंग आधीच बसलेली असेल तर प्रत्यक्ष लिफ्ट जास्त निघते. व्हीलच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर किट बसवण्याआधी आणि नंतर, चारही चाकांना मोजून लिहून ठेवा.

एक गोष्ट सहसा सुटते. पाच दरवाज्यांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिमी आहे, आणि चासीचा तो बोल्ट पुढच्या ॲक्सलपासून ७०० मिमी मागे आहे असं धरलं, तर फक्त मागची स्प्रिंग ५० मिमी उंच केल्यावरही तो बोल्ट सुमारे १३ मिमी वर जातो. म्हणजे पुढच्या बाजूला हात न लावता १.१ अंश कॅस्टर गेला. जड सामानासाठीच्या मागच्या स्प्रिंग बसवून गाडी रिकामी फिरवणाऱ्यांना हे भोवतं. तुमची गाडी सामान भरल्यावर सरळ चालत असेल आणि रिकामी भटकत असेल, तर निदान जवळपास झालंच.

अलाइनमेंट मशीनवर कॅस्टर मोजून घ्याच, आणि तोही लिफ्टच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. मशीन नसेल तर साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळणारा चुंबकाचा डिजिटल अँगल गेज ॲक्सलच्या एखाद्या सपाट, रंग घासलेल्या जागेवर ठेवून आकडा घ्या. जागेवर पेंटने खूण करा. ॲक्सल एकसंध असल्यामुळे गेजमधला फरक म्हणजेच कॅस्टरमधला फरक. गाडी दोन्ही वेळा त्याच सपाट फरशीवर, टायरमध्ये तीच हवा.

दुरुस्तीचे तीन मार्ग

सर्वांत स्वस्त मार्ग ऑफसेट बुशचा. या बुशचं भोक मध्यावर नसून बाजूला सरकलेलं असतं. ॲक्सलकडच्या दोन बोल्टमधलं अंतर १४० मिमी आणि भोक ४ मिमी सरकलेलं असेल, तर दोन्ही बुश बदलून ३.३ अंश मिळतात. एकच बदलला तर १.६. बुशच्या आकारालाच मर्यादा आहे, त्यामुळे यापेक्षा फार जास्त मिळत नाही. पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा कडक असल्याने खडबडीत जागी एक चाक वर, एक खाली अशी ॲक्सलची हालचाल थोडी कमी होते आणि रस्त्याचा खडखडाट केबिनमध्ये जास्त येतो. ५० मिमीपर्यंतच्या रोजच्या वापरातल्या गाडीसाठी हा सौदा पटण्यासारखा आहे.

दुसरा मार्ग ड्रॉप ब्रॅकेट. चासीकडचं टोक खाली आणायचं की आर्म पुन्हा मूळ कोनात येतो. रस्त्यावर गाडी छान चालते, कारण फक्त कॅस्टरच नाही तर आर्मचा पूर्ण कोन परत मिळतो. पण ब्रॅकेट खाली लोंबतो. ज्या दगडावरून जायला गाडी उंच केली त्याच दगडावर तो अडकतो आणि मार थेट चासीवर बसतो. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या गोट्यांत जाणाऱ्या गाडीला हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

तिसरा मार्ग नवीन आर्म, ज्यात भोकांची जागाच कोनात दिलेली असते आणि आत साधे रबरी बुश बसतात. महाग, पण ६० मिमीच्या पुढे हाच योग्य. जुने आर्म कापून, वाकवून, वेल्ड करून देणारे आहेत. ब्रेक मारल्यावर ॲक्सलचं सगळं बळ या दोन आर्मवर येतं, त्यामुळे तो प्रयोग करू नका.

डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये फरक आहे म्हणून एकाच बाजूला ऑफसेट बुश बसवायचा सल्लाही मिळतो. एकसंध ॲक्सलवर त्याचा काही फायदा नाही. ॲक्सलची नळी पिळली जात नाही, फक्त दोन्ही आर्मचे बुश एकमेकांशी भांडत राहतात आणि लवकर फाटतात. दोन बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर मोजणी पुन्हा करा. तरीही राहिला तर किंगपिन झिजलेत किंवा ॲक्सल वाकलाय.

बुश बसवताना दिशा

या कामात सर्वांत जास्त चूक इथेच होते. ॲक्सलचा वरचा भाग मागे न्यायचा आहे. त्यासाठी ॲक्सलच्या पुढचा बोल्ट आर्मच्या तुलनेत वर जायला हवा आणि मागचा खाली. म्हणून पुढच्या बुशचं भोक वरच्या बाजूला सरकलेलं, मागच्या बुशचं खालच्या बाजूला. उलट बसले तर गेलेला कॅस्टर परत येण्याऐवजी तितकाच आणखी जातो, आणि गाडी ६० लाही धरवत नाही.

भोक सरकण्याची दिशा दोन बोल्टना जोडणाऱ्या रेषेशी काटकोनात हवी. आर्म बाहेर काढल्यावर दोन्ही बुशच्या मध्यातून जाणारी सरळ रेघ पट्टीने आखा, तिला काटकोनात प्रत्येक बुशच्या कडेवर पंचने खूण करा आणि नवीन बुशची खूण तिच्याशी जुळवूनच प्रेसखाली ठेवा. प्रेसने दाबताना बुश थोडा फिरतो, त्यामुळे निम्मा गेल्यावर थांबून खूण पुन्हा बघा. पूर्ण दाबलेला पॉली बुश फिरवायचा म्हणजे बहुतेक वेळा तो खराबच करायचा.

काम करताना चासी आर्मच्या ब्रॅकेटच्या मागे स्टँडवर, ॲक्सलखाली ट्रॉली जॅक. मागच्या चाकांना ठोकळे. पॅनहार्ड रॉड जागेवर राहू द्या म्हणजे ॲक्सल बाजूला पळत नाही. एका वेळी एकच आर्म काढा. पहिला आर्म नव्या बुशसह परत लावताना फक्त मागचा बोल्ट आणि चासीचा बोल्ट घाला, कारण दुसऱ्या बाजूचे जुने बुश ॲक्सल फिरू देणार नाहीत. दुसरा आर्मही तसाच लावून झाला की ॲक्सलच्या पुढच्या ब्रॅकेटखाली छोटा जॅक लावून हळूहळू उचला, भोकं समोरासमोर आली की पुढचे बोल्ट हाताने जातात. हातोड्याने ठोकून बोल्ट घालावा लागत असेल तर एखादा बुश वाकड्या दिशेत बसलाय. थांबा आणि खुणा तपासा.

चासीकडचे बुश रबरी असतील तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे, तेही गाडी चाकांवर उभी करून, पूर्ण वजन आल्यावर. हवेत लटकवून आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. टॉर्क रेंच वापरा, आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधले.

कॅस्टर स्टॉकच्या आकड्यावर आला की थांबा. टायर मोठे असतील तर अर्धा ते एक अंश जास्त चालेल. त्याहून जास्त घेतल्यास डिफरेन्शियलचं नाक खाली जातं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा त्या टोकाचा कोन वाढतो. जिम्नीत टू-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे हब सुटलेले असल्यामुळे हा शाफ्ट फिरत नाही, म्हणून ही चूक लगेच कळत नाही. मोकळ्या मातीच्या किंवा ओल्या रस्त्यावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) ४०-५० ला चालवून बघा. फक्त फोर-हायमध्येच खालून घूंघूं किंवा थरथर आली तर कोन जास्त झालाय.

पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक

पॅनहार्ड रॉडचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. गाडी उंच झाली की रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी पोच कमी होते आणि ॲक्सल चासीच्या टोकाकडे ओढला जातो. ८०० मिमीच्या रॉडची दोन टोकं आधी १०० मिमीने वर-खाली असतील आणि लिफ्टनंतर १५० ने झाली, तर ॲक्सल ८ मिमी सरकतो. मोजण्यासाठी फेंडरवर विसंबू नका, फेंडर स्वतः वाकडे असू शकतात. चासीच्या रेलपासून रिमपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. दोन्हीतल्या फरकाचा निम्मा म्हणजे ॲक्सल किती सरकलाय ते. दुरुस्तीला लांबी बदलता येणारा रॉड लागतो. जागेवर फिरवता येणारा, एका टोकाला उलटे आटे असलेला घ्या. आट्यांचा पिच १.५ मिमी असेल तर एका फेऱ्यात लांबी ३ मिमी बदलते. मध्य २ मिमीच्या आत आला की पुरे. लॉकनट घट्ट करायला विसरू नका, सैल लॉकनट म्हणजेच पुढची थरथर. मागच्या ॲक्सलचंही माप घ्या.

स्टॉक पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक जवळपास समांतर असतात. म्हणून लिफ्टनंतर ॲक्सल सरकला तरी स्टेअरिंग फारसं वाकडं होत नाही, दोघं सोबत सरकतात. पॅनहार्ड लांब करून ॲक्सल मध्यावर आणला की मात्र स्टेअरिंग लगेच एका बाजूला जातं. म्हणूनच आधी पॅनहार्ड, मग ड्रॅग लिंक. ड्रॅग लिंकची लांबी ॲडजस्टरने तितकीच बदला. स्टेअरिंग व्हील उपसून स्प्लाइनवर फिरवून सरळ बसवणं हा उपाय नाही. त्याने बॉक्स मधोमध राहत नाही, एका बाजूचं वळण कमी होतं, आणि ईएसपीच्या (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) स्टेअरिंग अँगल सेन्सरला गाडी कायम वळतेय असं वाटत राहतं. ड्रॅग लिंक लावूनही ईएसपीचा दिवा पेटत असेल तर स्कॅनरने सेन्सरचा शून्य पुन्हा सेट करून घ्या.

पॅनहार्डचं ॲक्सलकडचं टोक उंच करणारा ब्रॅकेट ५० मिमीपर्यंत लावूच नका. त्याने पॅनहार्ड आडवा होतो पण ड्रॅग लिंक तिरकीच राहते, समांतरपणा जातो आणि प्रत्येक खड्ड्यात चाकं आपणहून वळतात. तपासायला सोपं आहे: इंजिन चालू, स्टेअरिंग मोकळं सोडलेलं, दोघांनी पुढचा बंपर दाबून गाडी वर-खाली करायची आणि तिसऱ्याने स्टेअरिंग व्हील बघायचं. ते स्पष्ट फिरत असेल तर दोन्ही रॉडचे कोन गेजने मोजा. मोजताना नळीचा आकार बघू नका, एका जोडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची रेषा धरा. ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढ लागण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं, नाक दबतं आणि चाकं वळतात. कॅलिपर उघडण्याआधी हे बघून घ्या.

आता टो. सगळं झाल्यावर, शेवटी, एकदाच.

ॲक्सल पूर्ण खाली लोंबवून ब्रेकचे पाइप, एबीएसची वायर, हबचे व्हॅक्यूम पाइप आणि ॲक्सलचा ब्रीदर (हवेची नळी) ताणले जात नाहीत ना ते दोन्ही लॉकवर बघा. शॉकॲब्सॉर्बर लांब असतील तर बंप स्टॉपही (ॲक्सलला वर जाताना थांबवणारे रबरही) तितकेच खाली आणावे लागतात, नाहीतर शॉक आतून आपटून फुटतो. २३५/७५ आर १५ चा व्यास स्टॉकच्या १९५/८० आर १५ पेक्षा साधारण ४० मिमी जास्त आहे आणि रुंदीही. पूर्ण लॉकला तो आर्मला घासतो का ते बघून स्टेअरिंग स्टॉप ठरवा.

इथलं गणित २०२० नंतरच्या महिंद्रा थारला लावू नका. तिचं पुढचं सस्पेन्शन डबल विशबोनचं आहे, म्हणजे एकसंध ॲक्सल नाही, प्रत्येक चाक वेगळं टांगलेलं. तिथे लिफ्टने कँबर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल), वरच्या बॉल जॉइंटचा कोन आणि ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट अडचणीत येतात, आणि टो सुद्धा खरोखर बदलतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांना लागू होतं. लिफ्ट करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवा.

पहिल्या ५०० किमीनंतर आर्मचे सहाही बोल्ट, पॅनहार्डची दोन्ही टोकं आणि सगळे लॉकनट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. प्रत्येक नटावर पेंटची रेघ मारून ठेवली तर पुढच्या वेळी नुसत्या नजरेने कळतं की कोणता हलला.